दोन इंजिनं, मधे समुद्र आणि मावशीची उडालेली झोप

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. इतक्या उशिरा ती कधी फोन करत नाही. "अगं, आत्ता तिकीट रद्द केलं तर किती पैसे कापतील?" चार महिने तिची तयारी चाललीय. लेकीकडे जायचं, नातवाला पहिल्यांदा मांडीवर घ्यायचं, म्हणून बॅग दोनदा भरून दोनदा उपसून झालीय. आणि आता रद्द करायचं म्हणते. कारण विचारलं तर आधी गप्प. मग हळूच म्हणाली, "त्या विमानाला दोनच इंजिनं आहेत गं. आणि वाटेत सगळा समुद्र."

तिला तो मेसेज आला होता. मला तो याआधी चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवलाय आणि चारही वेळा मी दुर्लक्ष केलं. ती चूक झाली. आज त्यातला एकेक मुद्दा घेते.

ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात सांगते. समुद्रावरून जाणाऱ्या विमानांना पूर्वी दोनपेक्षा जास्त इंजिनं सक्तीची होती, कंपन्यांनी पैसे वाचवायला तो नियम गुपचूप काढून टाकला. दोनपैकी एक इंजिन बंद पडलं की विमान समुद्रात जाणार. ७४७ आणि ए३८० ही चार इंजिनांची विमानं माणशी सगळ्यात स्वस्त पडायची, तरी ती मुद्दाम संपवली. नवी विमानं प्लास्टिकची आहेत. ती हळू आणि खालून उडतात. आणि शेवटी ठळक अक्षरांत सल्ला, की घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन इंजिनांच्या विमानात बसवू नका, तिकीट बदला, वाटेत दोनदा विमान बदलावं लागलं तरी चालेल.

मावशीची झोप उडवली ती दुसऱ्या वाक्याने, म्हणून आधी तेच.

एक इंजिन बंद पडलं तर विमान पडत नाही. प्रवासी विमानाला उडण्याची परवानगीच मुळी एक इंजिन गेलेलं असताना उडून दाखवल्यावर मिळते, आणि तेही सर्वांत वाईट क्षणी. विमान पूर्ण वजनाने धावपट्टीवर पळतंय, आता ब्रेक लावून थांबायला जागा उरलेली नाही, नेमकं तेव्हा एक इंजिन गेलं असं धरतात. तरीही उरलेल्या ताकदीवर ते विमान उचललं गेलं पाहिजे आणि ठरलेल्या चढाने वर गेलं पाहिजे. अशा वेळी चार इंजिनवाल्याची पाव ताकद जाते, दोनवाल्याची अर्धी. म्हणून तर दोन इंजिनांच्या विमानाची इंजिनं इतकी दांडगी असतात. ७४७-४०० च्या एका इंजिनाचा जोर साधारण ६०,००० पौंडांचा. दोन इंजिनांच्या ७७७-३००ईआरच्या एका इंजिनाचा १,१५,००० पौंडांचा.

हे इंजिन मी एकदा जवळून पाहिलंय, देखभालीसाठी उघडलेलं. पुढच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर, म्हणजे माझ्या उंचीची माणसं एकावर एक उभी केली तर दोन मावतील. पाती बावीस. त्यातल्या एका पात्यावर हात ठेवून पाहिला. काळं, कार्बन फायबरचं, लाटेसारखं पिळलेलं, आणि हवेला भिडणाऱ्या कडेवर टायटॅनियमची चकचकीत पट्टी. हाताने ढकललं तर तो अख्खा पंखा आवाज न करता फिरायला लागला. 'दोनच इंजिनं' म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर जे काही येतं, त्याचा या वस्तूशी काही मेळ नाही.

मग वर, ३५,००० फुटांवर, एक इंजिन बंद झालं तर काय होतं? विमान तेवढी उंची धरू शकत नाही. ते सावकाश खाली येतं, जिथे एका इंजिनावर स्थिर राहता येईल त्या उंचीवर थांबतं, आणि जवळच्या विमानतळाकडे वळतं. मार्च २००३ मध्ये ऑकलंडहून लॉस एंजेलिसला निघालेल्या युनायटेडच्या ७७७ चं एक इंजिन पॅसिफिकच्या मध्यावर बंद करावं लागलं. ते विमान उरलेल्या एका इंजिनावर सुमारे तीन तास उडत राहिलं आणि हवाई बेटांवर कोना इथे सुखरूप उतरलं. एकाच इंजिनावर, समुद्रावरून, तीन तास. हा मेसेज लिहिणाऱ्याला हे शोधायला किती वेळ लागला असता?

आता 'गुपचूप काढलेला' नियम. असा नियम होता, हे खरं. अमेरिकेत १९५३ मध्ये ठरलं की दोन इंजिनांच्या विमानाने विमानतळापासून एका इंजिनावर साठ मिनिटांपेक्षा लांब जायचं नाही. पण तेव्हाची इंजिनं कुठली होती ते बघा. पिस्टनची. ती एवढ्यांदा बंद पडायची की चार इंजिनांचं विमान तीनवर परत येणं ही नवलाईची गोष्ट नव्हती. आणि चार असूनही नेहमी भागायचं नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये पॅन अॅमचं चार इंजिनांचं स्ट्रॅटोक्रूझर हवाई आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मधे दोन इंजिनं गेल्यामुळे पॅसिफिकमध्ये उतरवावं लागलं. खाली तटरक्षक दलाचं जहाज होतं म्हणून सगळेच्या सगळे ३१ जण वाचले. चार इंजिनं होती, तरी विमान पाण्यात गेलं.

जेट इंजिनं आली आणि हिशेब बदलला. १९८५ मध्ये अमेरिकी हवाई प्रशासनाने, म्हणजे एफएएने, साठची मर्यादा अटींवर १२० मिनिटं केली, १९८८ मध्ये १८०. याला इटॉप्स म्हणतात. यात गुपचूप काही नव्हतं. परिपत्रक छापील आहे, कुणीही वाचावं, मी वाचलंय. आणि माझा सगळा प्रतिवाद खरं तर त्यातल्या दोन आकड्यांवर उभा आहे. १२० मिनिटांची परवानगी हवी असेल तर त्या प्रकारच्या इंजिनांचं उड्डाणात बंद पडण्याचं प्रमाण दर हजार तासांना ०.०५ च्या आसपास किंवा त्याहून कमी हवं. १८० मिनिटांसाठी ०.०२. म्हणजे पन्नास हजार तासांत एकदा. पुढे १८० मिनिटांपलीकडे जायचं झालं तर ०.०१, एक लाख तासांत एकदा. लांब पल्ल्याचं विमान वर्षाला साधारण पाच हजार तास उडतं. एक लाख तास म्हणजे एका इंजिनाची वीस वर्षं. वीस वर्षांत एकदा बंद पडलं तर चालेल, त्याहून वारंवार पडायला लागलं तर परवानगी धोक्यात.

मी कागदावर गणित मांडून मावशीला वाचून दाखवलं, ते इथेही देते. चौदा तासांचा प्रवास, दोन इंजिनं, म्हणजे अठ्ठावीस इंजिन-तास. लाखात एकच्या दराने एखादं इंजिन बंद पडण्याची शक्यता लाखात अठ्ठावीस. पडलंच, तर उरलेलं एक इंजिन पुढच्या तीन तासांत स्वतःच्या वेगळ्या कारणाने बंद पडण्याची शक्यता लाखात तीन. दोन्हींचा गुणाकार केला की साधारण बारा कोटी उड्डाणांत एक येतो. रोज एक उड्डाण केलं तरी तीन लाखांहून जास्त वर्षं लागतील.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. दोन्ही इंजिनं एकाच कारणाने गेली तर? तर हा गुणाकार लागू पडत नाही, बरोबर. पण मग तिथे चार इंजिनांचाही उपयोग नसतो, हे कुणी बोलत नाही. जून १९८२ मध्ये ब्रिटिश एअरवेजचं ७४७ इंडोनेशियातल्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. डिसेंबर १९८९ मध्ये अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमच्या ७४७ चं तेच झालं, चारही बंद. दोन्ही विमानं खाली येता येता इंजिनं पुन्हा सुरू करून सुखरूप उतरली. राख काही इंजिनं मोजत नाही.

माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण मे १९८३ चं आहे. ईस्टर्न एअरलाइन्सचं तीन इंजिनांचं एल-१०११ मायामीहून नसाऊला निघालं. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांमधले तेलातले धातूचे कण पकडणारे भाग बदलले होते आणि बदलताना त्यांच्या रबरी रिंगा बसवायच्या राहिल्या होत्या. तिन्हींमध्ये. अंगठीएवढी वस्तू. तेल गळून एकामागून एक तिन्ही इंजिनं थांबली, विमान समुद्राच्या दिशेने उतरू लागलं, शेवटी एक इंजिन कसंबसं परत चालू झालं आणि १७२ जण मायामीला परतले. तिसरं इंजिन असून काय मिळालं? एकच चूक तीन जागी झाली. इटॉप्सच्या नियमांत म्हणूनच अट आहे की एकाच माणसाने एकाच वेळी दोन्ही इंजिनांवर तेच काम करायचं नाही. चार इंजिनांच्या जुन्या विमानांना ही शिस्त सक्तीची नव्हती. एखादं इंजिन जास्त बसवण्यापेक्षा मला ही अट कितीतरी मोलाची वाटते.

आणखी एक कागद. इटॉप्सच्या उड्डाणाचं इंधन कसं ठरवतात? वाटेतला असा बिंदू काढतात जिथून मागचा आणि पुढचा पर्यायी विमानतळ सारख्याच वेळेच्या अंतरावर आहे. मग धरून चालतात की नेमकं तिथेच केबिनमधला हवेचा दाब गेला, विमानाला १०,००० फुटांवर यावं लागलं, वर एक इंजिनही बंद आहे, आणि तिथून विमानतळ गाठून वर पंधरा मिनिटं घिरट्या घालायच्या आहेत. एवढं इंधन टाकीत असल्याशिवाय विमान निघत नाही. मावशीच्या विमानाच्या वैमानिकाच्या हातात हा हिशेब उड्डाणाआधी छापील असणार. कुठला विमानतळ, किती अंतर, किती इंधन, सगळं.

शिवाय विमान वाटेत वळवावं लागतं ते बहुतेक वेळा इंजिनामुळे नसतंच. प्रवाशाला झटका येतो, हवामान बिघडतं, काच तडकते. जून २०११ मध्ये होनोलुलूहून ओसाकाला चाललेलं डेल्टाचं ७४७ पॅसिफिकच्या मधोमध मिडवे बेटावर उतरवावं लागलं, कारण समोरची काच तडकली होती. चारही इंजिनं ठणठणीत होती, तरी धावपट्टी लागलीच. म्हणून २००७ मध्ये एफएएने नियम आणखी वाढवला, आणि १८० मिनिटांपलीकडे जाणाऱ्या तीन-चार इंजिनांच्या प्रवासी विमानांनाही तो लागू केला. नियम काढून टाकला म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. नियम रुंदावला.

मेसेजच्या मधोमध अहमदाबादचा फोटो चिकटवलाय. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. १२ जून २०२५ ला २६० माणसं गेली, आणि त्यांचा फोटो कुणीतरी आपल्या अर्धवट माहितीला ठिगळ म्हणून वापरतोय. ते विमान समुद्रावर नव्हतं, एक इंजिन बंद पडून तासन्‌तास झुंजत नव्हतं. उडाल्यावर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचं इंधन तुटलं. दोन्ही फ्युएल स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेल्याची नोंद प्राथमिक अहवालात आहे. समुद्री मार्गावर दोन इंजिनं पुरतात का, या प्रश्नाशी त्या दुर्घटनेचा संबंध जोडता येत नाही. तो फोटो पुढे पाठवणं कृपया थांबवा.

आता जे मान्य करायला हवं ते करते, मनात नसलं तरी. ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटच्या ए३३० ची दोन्ही इंजिनं अटलांटिकवर बंद पडली होती. उजव्या इंजिनात चुकीचा भाग बसवला गेला, नळी घासून फुटली, इंधन गळत राहिलं, आणि वैमानिकांनी दोन्ही बाजूंचं इंधन जोडल्यामुळे चांगल्या बाजूचंही त्याच गळतीतून गेलं. विमान सुमारे १९ मिनिटं इंजिनांशिवाय तरंगत अझोर्स बेटांवर लाजेस इथे उतरलं. ३०६ जण होते, सगळे वाचले. त्यात वैमानिकांचं कसब होतं आणि नशीबही होतं, हे मी नाकारत नाही. पण टाकी रिकामी झाली तर चौथं इंजिन काय पिणार?

दुसरं, बोइंगच्या दोन इंजिनांच्या ७८७ ची काही रोल्स-रॉइस ट्रेंट १००० इंजिनं खरंच त्रासदायक निघाली, पात्यांना तडे जायला लागले. मग एप्रिल २०१८ मध्ये नियामकांनी काय केलं? त्या इंजिनांच्या विमानांची मर्यादा ३३० मिनिटांवरून थेट १४० वर आणली. कंपन्यांना मार्ग बदलावे लागले, विमानं जमिनीवर उभी राहिली, प्रचंड नुकसान झालं. कंपन्यांच्या खिशातले नियामक असं वागतात?

आणि तिसरं, पैसे वाचवण्यासाठीच विमान कंपन्यांनी दोन इंजिनांची परवानगी मागितली, हे शंभर टक्के खरं आहे. फक्त ती मागितली म्हणून मिळाली नाही, इंजिनांनी आकडे करून दाखवले तेव्हा मिळाली.

इथून पैशांच्या मुद्द्यावर येते, कारण ७४७ आणि ए३८० 'मुद्दाम बंद पाडली' हे मला अज्ञानातूनही माफ करता येत नाही. ए३८० हे सुंदर विमान आहे. शांत, ऐसपैस, थकवा कमी आणणारं. पूर्ण भरलं तर जुन्या ७४७ पेक्षा माणशी स्वस्त पडायचं, हेही बरोबर. पण 'सगळ्यात स्वस्त' कुणाच्या तुलनेत? ए३८० तासाला साधारण साडेअकरा टन इंधन पितं, पाचशेच्या आसपास माणसं नेतं. माणशी तासाला २३ किलो. दोन इंजिनांचं ए३५०-९०० तासाला पावणेसहा-सहा टन पितं आणि सव्वातीनशेच्या आत-बाहेर माणसं नेतं. माणशी १८ किलोच्या जवळपास. ७८७-९ तिथेच कुठेतरी. आसनांची मांडणी बदलली की आकडे थोडे हलतात, पण इतके नाही की निकाल उलटेल. आणि हा हिशेब सगळी आसनं भरलेली धरून आहे. तीनशेच तिकिटं विकली गेली त्या दिवशी ए३५० भरून जातं. ए३८० मात्र दोनशे रिकाम्या खुर्च्या वाहत नेतं आणि इंधन जवळजवळ तेवढंच जाळतं.

हे कागदावरचंच म्हणून सोडायचं असेल तर इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशनने पॅसिफिकवरच्या २०१६ च्या उड्डाणांचा अभ्यास केला तो बघा. हायनान आणि एएनए या विमान कंपन्या एका लिटरमध्ये सरासरी ३६ प्रवासी-किलोमीटर काढत होत्या. तळाला क्वांटास, २२. त्या मार्गांवर क्वांटासची भिस्त तेव्हा ७४७ आणि ए३८० वर होती आणि भरणाही कमी होता. तेच अंतर, तेवढीच माणसं, आणि चौसष्ट टक्के जास्त इंधन.

याहून स्वच्छ तुलना हवी असेल तर सिंगापूर ते न्यू यॉर्क बघा, जगातल्या सर्वांत लांब मार्गांपैकी एक. सिंगापूर एअरलाइन्सने तो २००४ मध्ये चार इंजिनांच्या ए३४०-५०० ने सुरू केला. टाकी दोन लाख लिटरच्या वर. इंधनाचं वजन वाहण्यासाठी पुन्हा इंधन जाळावं लागतं, लांबच्या मार्गावर तर फारच, त्यामुळे पैसे काही जमेनात. शेवटी आत फक्त शंभर महागड्या खुर्च्या ठेवल्या, तरी २०१३ मध्ये मार्ग बंद करावा लागला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तोच मार्ग, तीच कंपनी, पण दोन इंजिनांचं ए३५०-९००यूएलआर. टाकी १,६५,००० लिटर, खुर्च्या १६१. हा मार्ग आजही चालू आहे. इंजिनं अर्धी, टाकी लहान, माणसं जास्त. यात कुणाचा कट शोधायचा?

इंधनाखेरीजचेही खर्च असतात. चार इंजिनं म्हणजे चार ओव्हरहॉल. उतरण्याचं भाडं वजनावर, आणि ए३८० चं कमाल वजन ५७५ टन, ए३५०-९०० च्या दुप्पट. पंखांचा विस्तार ऐंशी मीटरच्या चौकटीत बसवायचा म्हणून ते आखूड आणि रुंद झाले, त्यामुळे हवेचा विरोध वाढला. मालवाहतुकीत तर ए३८० अगदीच मागे. पोटात ३८ कंटेनर मावतात, आणि पाचशे माणसांच्या बॅगांनीच त्यातले बरेच भरतात. ७७७-३००ईआरमध्ये माणसं कमी आणि कंटेनर ४४. या मालाचं उत्पन्न लांब पल्ल्याच्या मार्गाला अनेकदा तारून नेतं.

म्हणून २५१ ए३८० दिल्यावर एअरबसने उत्पादन थांबवलं, २०२१ मध्ये शेवटचं गेलं. त्यातली १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली, कारण सगळं जग एका तळावर गोळा करून पुढे वाटायचं हे तिचं गणित. बाकीच्यांना पाचशे माणसं रोज कुठून मिळणार? सिंगापूरने दहा वर्षं वापरून परत केलेल्या पहिल्या विमानांना दुसरा गिऱ्हाईक मिळेना, शेवटी त्यातली दोन सुटी करून भाग विकले. करोनानंतर काही कंपन्यांनी धूळ झटकून ए३८० परत काढली, हे खरं आहे. २०२० मध्ये येणारं बोइंगचं ७७७एक्स वर्षानुवर्षं पुढे ढकललं गेलं आणि मागणी तर धो-धो आली. हाताशी असलेलं विमान वापरतात. नवीन मात्र कुणी मागत नाही.

चार इंजिनं म्हणजे सुरक्षित, हा समज कुठून आला तेही सांगते, कारण तो काही आभाळातून पडलेला नाही. एअरबसने ए३४० विकताना त्याच्या जाहिरातीत तो मुद्दाम पेरला होता. व्हर्जिन अटलांटिकच्या विमानांवर 'लांबच्या प्रवासाला चार इंजिनं' अशा अर्थाचं वाक्य मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असायचं. समोरून बोइंग दोन इंजिनांचं ७७७ विकत होती, तिला शह द्यायला. आज तीच व्हर्जिन फक्त दोन इंजिनांची विमानं उडवते आणि तीच एअरबस ए३५० बनवते, ज्याला २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली. जाहिरात पुसली गेली, पण भीती मागे राहिली.

एक गोष्ट अजून. इंजिनं जास्त म्हणजे बिघडायच्या जागाही जास्त. नोव्हेंबर २०१० मध्ये क्वांटासच्या ए३८० चं एक इंजिन सिंगापूरहून निघाल्यावर फुटलं, तुकड्यांनी पंख भोसकला, तारा तुटल्या. परत उतरल्यावर शेजारचं इंजिन बंदच होईना, अग्निशामक दल जवळजवळ तीन तास त्यावर पाण्याचा मारा करत होतं. ४६९ जण होते, सगळे सुखरूप.

राहिलेले मुद्दे भराभर संपवते, त्यांची तेवढीच लायकी आहे.

प्लास्टिक. ७८७ आणि ए३५० च्या वजनाचा निम्मा भाग कार्बन फायबरचा, रेझिनमध्ये घट्ट केलेल्या धाग्यांचा. मार्च २०१० मध्ये चाचणीत ७८७ च्या पंखांवर उड्डाणात येऊ शकेल त्या कमाल भाराच्या दीडपट भार टाकला, पंखांची टोकं सुमारे साडेसात मीटर वर वाकली, तुटली नाहीत. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. त्या दुसऱ्या विमानातले पाच जण गेले. पण ए३५० मधले सगळे ३७९ जण बाहेर पडले आणि त्यानंतर ते जळून गेलं. आग विझवायला कित्येक तास लागले, हे मान्य. माणसं बाहेर यायला मात्र वेळ मिळाला. शिवाय ही सामग्री दाबाला दमत नाही, म्हणून केबिनमधली हवा ६,००० फुटांवर असावी तेवढी दाट ठेवता येते, जुन्या विमानांत ती ८,००० फुटांपर्यंत विरळ व्हायची. वयस्क माणसाला हा फरक चौदा तासांत चांगलाच जाणवतो.

वेग. ७८७ आणि ए३५० ध्वनीच्या ०.८५ पटीने जातात, ए३८० तेवढ्याच, ७४७ किंचित जास्त. सगळ्यात हळू चार इंजिनांचं ए३४०, ०.८२. उंचीची मर्यादा ७८७, ए३५० आणि ए३८० या तिघांची एकच, ४३,१०० फूट. एवढं सोपं तरी तपासायचं होतं.

आणि तो सल्ला. तिकीट बदला, दोनदा उतरावं लागलं तरी चालेल. हे वाक्य मला या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाटतं. जीवघेण्या अपघातांपैकी बहुतेक उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या टप्प्यांत होतात, वर सरळ उडताना फार कमी. एका थेट उड्डाणाच्या जागी तीन घेतली की ते टप्पे तिप्पट होतात. त्यात अनोळखी विमानतळावर रात्री दोनला गुडघे दुखत असताना गेट शोधायचं, ते वेगळंच. समुद्राची काल्पनिक भीती टाळायला खरी गैरसोय आणि थोडा का होईना खरा धोका विकत घ्यायचा, आणि वर तिकिटाचे पैसे कापून घ्यायचे.

हे सगळं काल मावशीपाशी बसून सांगितलं. गणिताच्या कागदावर तिने स्वतः पेनने पुन्हा गुणाकार करून पाहिला. मग म्हणाली, "वाटेत उतरायची वेळ आली तर कुठे उतरवतील, त्या गावांची नावं लिहून दे. पर्समध्ये ठेवते." पाच नावं लिहून दिली. तिकीट तेच आहे, येत्या गुरुवारचं.